तपासलं, पण कळलं का? : कापरेकरांची संख्या आणि एक प्रोग्रामर



माझा एक जुना विद्यार्थी इथे मिहानमध्ये प्रोग्रामर आहे. दिवसा कंपनीचं काम, रात्री आकड्यांचा नाद. ''घरचे म्हणतात, हे काय करून राहिला तू?'' असं हसत सांगत तो मध्यंतरी घरी आला. म्हटलं, द. रा. कापरेकरांनाही लोक हेच विचारत असतील. डहाणूला १९०५ साली जन्मलेला हा माणूस देवळालीला शाळामास्तर होता. पदव्युत्तर पदवी नव्हती. पण १९४९ साली त्यांना सापडलेली ६१७४ ही संख्या आज जगभर त्यांच्या नावानं ओळखली जाते.

कृती साधी आहे. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं लावा, मोठीतून लहान वजा करा. येईल त्या उत्तरावर पुन्हा तेच. समजा ३५२४ घेतली. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. पुढे कितीही करा, ६१७४च येते.

आमच्या प्रोग्रामरनं सुरुवातीची शून्यं धरून सगळ्या ९,९९० संख्या तपासल्या. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या ६१७४वर पोचली. मग त्यानं विचारलं, ''सर, हे सिद्ध झालं ना? मग समाधान का होत नाही?''

प्रश्न जुनाच आहे बरं का. धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती नैयायिक मांडतात. चार्वाक विचारतो, स्वयंपाकघरात शंभरदा पाहिलंत, पण न पाहिलेल्या डोंगराचं काय? गणितातही असे डोंगर आहेत. दोनपेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते, हे गोल्डबाखचं अनुमान १७४२ सालचं. यंत्रांनी चारावर अठरा शून्यं इतक्या संख्यांपर्यंत ते पडताळलं. तरी सिद्धता अजून नाही. संख्या संपतच नाहीत ना!

कापरेकरांच्या बाबतीत मात्र न पाहिलेला डोंगरच उरत नाही. ९,९९० संपल्या की संपल्या. म्हणून ती सिद्धताच आहे. उणीव आहे ती 'का'ची, आपल्या परंपरेतल्या शब्दात सांगायचं तर उपपत्तीची.

मी त्याला वही दिली. अंक उतरत्या क्रमानं क, ख, ग, घ माना. वजाबाकी मांडली की उत्तर येतं: ९९९ गुणिले (क वजा घ), अधिक ९० गुणिले (ख वजा ग). म्हणजे चार अंकांपैकी कामाचे फक्त दोन फरक! पहिला १ ते ९, दुसरा ० पासून पहिल्याइतका. मोजा, जोड्या भरतात ५४. पहिल्याच पायरीत ९,९९० वाटा ५४ चौकांवर येतात. पुढचं हातानंही तपासता येतं.

सगळं उलगडलं का? नाही. ते ५४ तपासावेच लागतात. शिवाय तीन अंकांत असाच मुक्काम ४९५ला होतो, दोन अंकांत मात्र नुसतं चक्र फिरत राहतं: ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९. म्हणजे ६१७४ ही काही दैवी संख्या नव्हे. दहाच्या आधारानं लिहिण्याच्या आपल्या सवयीतून ती आली आहे.

यंत्रानं त्याला खात्री दिली होती. वहीनं काय दिलं? पुढचा प्रश्न. निघताना चपला घालता घालता तो म्हणाला, ''सर, मग पाच अंकांत एकच मुक्काम का नाही?'' मी म्हटलं, आधी वही काढ, मग लॅपटॉप.