कपाटात जाण्याआधी

शाळेसाठी पुस्तक निवडताना मजकूर नंतर वाचावा, चित्रं आधी बघावीत. लोकजीवनाच्या तक्त्यावर आदिवासी असला की तो ठरलेलाच: कमरेला पानं, डोक्यात पीस, हातात भाला. भंडारदरा धरणाभोवतीच्या शेंडी, मुरशेत, रतनवाडी, घाटघरच्या वर्गांत बसतात ती बहुतेक महादेव कोळी आणि ठाकर मुलं. त्यांच्या घरात लुगडं दिसेल, टोपी दिसेल, जीन्सही दिसेल. पानं गुंडाळलेला माणूस कुठेच दिसणार नाही. तरी स्नेहसंमेलनात तोंडाला रंग फासून 'झिंगालाला' होतंच. आदिवासी मुलालाच आदिवासीचं सोंग घ्यावं लागतं, आणि समोर बसलेले आईबाप टाळ्या वाजवतात.

दुसरी खूण क्रियापदांत सापडते. 'आदिवासी जंगलात राहत, शिकार करत' असं पुस्तक सांगतं, तेव्हा वाचणाऱ्या पोराची आई भाताच्या आवणीला गेलेली असते, मामा पर्यटकांना रतनगडावर नेत असतो. ज्यात आजचा माणूसच नाही, ते पुस्तक बाजूला ठेवलेलं बरं.

पण आजचा माणूस आला म्हणजे झालं असंही नाही. भंडारदऱ्याच्याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या, गावरान बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्यावरचा मजकूर तपासताना एक बघायचं: 'शाळेत न जाताही' या कौतुकावर किती ओळी खर्च झाल्यात, आणि गावरान बियाणं कसं निवडायचं, राखेत घोळून मडक्यात कसं टिकवायचं, यावर किती. पहिल्या ओळी जास्त असतील तर लेखकाला राहीबाईंपेक्षा स्वतःच्या अचंब्याचंच अप्रूप आहे.

भिंतींची गंमत वेगळीच. शाळा आदिवासी भागातली म्हटली की पांढऱ्या रंगात वारली चित्रं काढून मोकळं व्हायचं. वारली कला थोरच. डहाणूच्या जिव्या सोमा म्हसे यांना तिच्यासाठी २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. पण वारली ही वेगळी जमात, तिचा मुलूख पालघरकडचा. राज्याच्या यादीत ४५ अनुसूचित जमाती आहेत, आणि वारली चित्रातल्या तारपा नाचाच्या एका वर्तुळात त्या सगळ्या मावत नाहीत. अमेरिकेतल्या नांबे पुएब्लो समाजाच्या अभ्यासक डेबी रीस मुलांची पुस्तकं तपासताना हेच बघतात: नेमक्या जमातीचं नाव घेतलंय का, लिहिणारा त्या समाजातला आहे का?

इतिहासाच्या पुस्तकात तर लिहिणारा कोण, यावर सगळंच ठरतं. इंग्रजांविरुद्ध बंड केलेल्या देवगावच्या महादेव कोळी राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. इंग्रजी दप्तरात त्यांची नोंद दरोडेखोर म्हणून आहे, आणि त्यावरून उतरवलेल्या मजकुरात तोच वास राहतो. महादेव कोळी समाजातलेच डॉ. गोविंद गारे पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संचालक होते. त्यांनी या समाजाविषयी लिहिलेलं थोरल्या वर्गांच्या कपाटात हवंच.

धाकट्यांसाठी मात्र कपाट रितंच राहतं. दिवाळीच्या धड्यात वसुबारस असते, गाय-वासरू असतं. इथल्या वाड्यांत त्याच दिवशी वाघबारस असते. गुराखी रानात वाघोबाची पूजा करतात, गुरं सांभाळ म्हणून विनवतात. अशा सणावर मुलांनी आजीला विचारून लिहिलेली, दोऱ्याने शिवलेली वही छापील पुस्तकाशेजारी बिनदिक्कत ठेवावी. फक्त आजीला आधी विचारावं. काही गोष्टी ती नातवाला सांगेल, पण पाहुण्यांना वाचायला ठेवू देणार नाही. बोहाडा या सोंगांच्या उत्सवातल्या देवांचे मुखवटे कार्यानुभवाच्या तासाला पुठ्ठ्यातून कापायचे असतील, तर तेही गावातल्या जाणत्यांना विचारूनच.

राहिला देणगीचा प्रश्न. मे अखेरीला काजवे बघायला येणाऱ्या गाड्यांतून शाळेसाठी पुस्तकांची खोकी उतरतात. भाव चांगला असतो, आत बऱ्याचदा घरातली रद्दी असते. तेव्हा खोकं भरण्याआधी गुरुजींना एक फोन करा, काय हवंय ते विचारा, आणि जे पुस्तक वाडीतल्या एखाद्या आईसमोर मोठ्याने वाचायला तुम्हालाच संकोच वाटेल, ते आणू नका.