हात लावा, नशीब उघडा!

नशीब आणि प्रवास यांवर बेतलेल्या अद्भुत कथांसाठी युरोपातली ही आयती स्थळं :

▪ फ्लॉरेन्स : शिल्पकार पिएत्रो ताक्काच्या ब्राँझच्या रानडुकराची बाजारातली प्रतिकृती. त्याच्या तोंडात ठेवलेलं नाणं खालच्या जाळीतून आत पडलं, की नशीब फळफळतं म्हणे! हान्स अँडरसनच्या १८४२च्या कथेत हेच डुक्कर एका गरीब मुलाला पाठीवर घेऊन रात्री शहरभर धावतं.

▪ रोम : ट्रेव्ही कारंजं (१७६२). उजव्या हातानं डाव्या खांद्यावरून नाणं टाकणारा रोमला परततो, अशी समजूत. नाणी ‘कारितास’ या धर्मादाय संस्थेच्या मदतकार्याला जातात.

▪ प्राग : चार्ल्स पुलावरचा संत नेपोमुकचा पुतळा (१६८३). चौथऱ्यावरचं ब्राँझ नशिबासाठी हात लावणाऱ्या लोकांच्या स्पर्शानं चकाकतं. १३९३मध्ये नेपोमुकला इथल्याच व्लताव्हा नदीत फेकलं होतं.