डाग आधी ओळखा, साबण नंतर लावा

आजचा विषय घरोघरचा आहे: कपड्यांवरचे हट्टी डाग घरच्या घरी कसे काढायचे. उपायांच्या याद्या आपण पुष्कळ ऐकलेल्या असतात. लिंबू लावा, सोडा लावा, टूथपेस्ट लावा. आज आपण नुसती यादी देणार नाही. डाग बसतो कसा, हे एकदा समजून घेऊ. मग काय लावायचं आणि काय नाही, ते आपलं आपल्यालाच ठरवता येतं.

सुरुवात पंगतीपासून करू. लग्नात पांढऱ्या सदऱ्यावर आमटी सांडते. आपण धावत बेसिनकडे जातो, साबण लावतो आणि पिवळा डाग क्षणात लाल होतो! मग घाबरून आणखी जोरात चोळतो. खरं तर शाळेत आपण सगळ्यांनी हळदीचा कागद केलेला असतो. साबणाचं पाणी लागलं की तो लाल व्हायचा, आठवतंय ना? तेच इथे झालं. हळदीतलं रंगद्रव्य, म्हणजे कुर्क्युमिन, अल्कलीत लाल होतं. साबण नीट धुऊन काढला की ते पुन्हा पिवळं होतं. तेव्हा डाग लाल झाला म्हणजे कपडा गेला, असं मुळीच नाही.

आता पुढची पायरी. कुर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र विरघळतं. म्हणजे फोडणीच्या तेलाबरोबर ते धाग्यात शिरतं. म्हणून आधी तेल काढायचं. भांडी घासायचं लिक्विड डागावर लावून दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि कोमट पाण्याने धुवा. उरलेल्या पिवळेपणावर उत्तम औषध म्हणजे ऊन. प्रकाशात कुर्क्युमिनचा रंग उडतो. पांढरा सुती कपडा ओलाच उन्हात टाका, एक-दोन दिवसांत फरक दिसेल. रंगीत कपड्यावर मात्र लक्ष ठेवायला हवं, कारण ऊन त्याचाही रंग उडवतं.

पण जे हळदीला चालतं ते रक्ताला चालत नाही. रक्तात प्रथिनं असतात. अंडं उकळल्यावर पांढरा भाग कसा घट्ट होतो, तसंच गरम पाण्याने रक्तातलं प्रथिन धाग्यात गोठून बसतं. म्हणून रक्ताला थंडच पाणी, आणि तेही लगेच. डाग जुना असेल तर एन्झाइम असलेल्या पावडरीच्या पाण्यात काही तास भिजवा. पाळीच्या दिवसांत आई मुलीला हळूच सांगते, ‘गार पाण्यात टाक गं.’ त्यामागे हेच विज्ञान आहे आणि ते हळू आवाजात सांगण्याची काही गरज नाही. जिच्याकडे शाळेचा एकच गणवेश आहे, तिच्यासाठी तर ही माहिती फार मोलाची आहे. दूध आणि अंड्याच्या डागांनाही हाच नियम.

चहा-कॉफीचा डाग टॅनिनचा असतो. आधी भरपूर गार पाणी. पांढऱ्या सुती कपड्यावर तरीही राहिला, तर औषधाच्या दुकानात मिळणारं 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड थोडं लावा आणि दहा मिनिटांनी धुवा. बॉलपेनच्या शाईला अल्कोहोलचं सॅनिटायझर चालतं. डागाखाली जुनं फडकं ठेवा आणि कापसाने टिपत राहा. चोळलं की शाई पसरलीच म्हणून समजा. लोखंडाच्या गंजाला लिंबू आणि मीठ लावा. गंजावर ब्लीच कधीच नको, त्याने डाग उलट पक्का होतो.

ब्लीचचा विषय निघालाच आहे, तर आमच्याच घरातली एक चूक सांगतो. आजीच्या पांढऱ्या रेशमी साडीवर चहा सांडला होता. आम्ही मोठ्या उत्साहाने ब्लीच लावलं. डाग गेला, पण तिथलं रेशीम पिवळं पडलं आणि पुढे बोट लावलं तरी धागे तुटू लागले. आजी काही बोलली नाही, घडी घालून साडी कपाटात ठेवून दिली. कारण नंतर कळलं. रेशीम आणि लोकर ही स्वतःच प्रथिनं आहेत, ब्लीच त्यांनाच खातं. एन्झाइमची पावडरही त्यांना घातकच. रेशमाला गार पाणी आणि रिठा पुरे. त्याने डाग निघाला नाही, तर सरळ ड्रायक्लीनिंगला द्या.

आणि एक गोष्ट जिवावरची आहे, ती नीट ऐका. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. बंद न्हाणीघरात तर फारच धोका. ‘दोन औषधं एकत्र केली तर डाग दुप्पट लवकर जाईल’ हा हिशेब इथे चालत नाही. चुकून मिसळलंच, तर तिथे साफ करत बसू नका, आधी मोकळ्या हवेत या. रॉकेल आणि पेट्रोलही घरात कपड्याला लावू नका, ते पटकन पेट घेतं.

थोडक्यात, डागाला हात लावण्याआधी आपण तीन प्रश्न विचारायचे. डाग कशाचा? कापड कशाचं? डाग ताजा की जुना? कोणताही उपाय आधी कपड्याच्या आतल्या शिवणीवर करून पाहायचा. आणि डाग पूर्ण निघेपर्यंत इस्त्री फिरवायची नाही, कारण उष्णतेने बरेच डाग कायमचे बसतात. एवढं सांभाळलं तर निम्मे कपडे नक्की वाचतील. उरलेले घरात नेसायला-घालायला आहेतच!