आधी धर्ममातापिता, मग हॉल

वसईच्या गावांत बाळाच्या स्नानसंस्काराची, म्हणजे बाप्तिस्म्याची, तयारी हल्ली हॉलपासून सुरू होते. आधी हॉल, मग केटरर, मग आखातातल्या मामाची रजा, आणि हे सगळं जुळलं की फादरांची भेट. तोवर बाळ बसायला लागलेलं असतं. कॅथलिक चर्चचा १९८३चा कॅनन कायदा सांगतो की, हा संस्कार जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच व्हावा आणि आईवडिलांनी शक्यतो बाळ जन्मण्याआधीच धर्मगुरूंना भेटावं. म्हणून माझा आग्रह आहे की, हॉलचा विचार सगळ्यात शेवटी करावा.

संस्कार साधारणपणे आपल्याच धर्मग्रामातल्या चर्चमध्ये होतो. बाळाच्या जिवाला धोका असल्याखेरीज घरी होत नाही. रविवार किंवा ईस्टरची जागरणरात्र यासाठी उत्तम मानली जाते. उपवासकाळात अनेक धर्मग्रामं बाप्तिस्मे ठेवत नाहीत, हे तारीख धरताना विसरू नये. जन्मदाखला, आईवडिलांच्या विवाहाचा दाखला आणि पालकांचा तयारीवर्ग याची चौकशी कार्यालयात आधीच करावी.

खरा वेळ द्यायचा तो धर्ममातापित्यांच्या निवडीला. मामाला मान द्यावा की काकाला, यावरून घराघरांत रुसवेफुगवे होतात. कायद्याला एकच व्यक्ती पुरते. दोन असतील तर एक पुरुष आणि एक स्त्री. दोघे मामा उभे राहू शकत नाहीत. वय किमान सोळा, व्यक्ती कॅथलिक, दृढीकरण झालेली आणि श्रद्धेला साजेसं जगणारी हवी. बाळाचे आईवडील ही जबाबदारी घेऊ शकत नाहीत. दुसऱ्या चर्चचा बाप्तिस्मा झालेला मित्र कॅथलिक धर्ममातापित्यांसोबत साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो. नात्याची उतरंड पाहून किंवा कोण किती तोळ्यांची चेन घालील याचा अंदाज बांधून निवड करणं मला बाळावर अन्याय वाटतो. दहा-बारा वर्षांनी हे मूल घरच्यांना न विचारता येणारे प्रश्न कोणाला विचारू शकेल, त्या माणसाचं नाव द्या.

आमंत्रणाचंही तसंच. पत्रिकेत मिस्साची वेळ कोपऱ्यात आणि जेवणाची ठळक असली की पाहुणे थेट जेवायलाच येतात, आणि त्यांना दोष तरी कसा देणार? पत्रिका छोटी ठेवा आणि चर्चची वेळ आधी, मोठ्या अक्षरांत लिहा. वसईत शेजार मिश्र आहे. हिंदू, मुस्लिम शेजाऱ्यांना बोलावताना आत काय घडणार ते दोन वाक्यांत सांगितलं, तर ते मागच्या बाकावर अवघडून बसत नाहीत. दाराशीच फादर बाळाचं नाव विचारतात आणि त्याच्या कपाळावर क्रूसाची खूण करतात. वाचनांनंतर आईवडील आणि धर्ममातापिता सैतानाचा त्याग करून श्रद्धा प्रकट करतात. मग पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने डोक्यावर तीनदा पाणी. त्यानंतर पवित्र तेल, पांढरं वस्त्र आणि ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली लहान मेणबत्ती. मिस्सा असेल, तर ख्रिस्तप्रसाद फक्त कॅथलिक आणि तोही पहिला ख्रिस्तप्रसाद घेतलेलेच घेतात. हे आधीच प्रेमाने सांगावं. ऐन रांगेत कोणाला थांबवणं फार वाईट दिसतं.

आईवडिलांपैकी एकच कॅथलिक असेल, तर संस्कारासाठी किमान एकाची संमती लागते आणि मूल त्या श्रद्धेत वाढेल अशी आशाही असावी लागते. अशा घरात दुसऱ्या बाजूच्या आजीआजोबांना पत्रिका छापून झाल्यावर कळवू नका. तारीख ठरवतानाच त्यांच्याकडे जाऊन बसा.

संस्कारानंतर नाव चर्चच्या नोंदवहीत चढतं. पुढे दृढीकरण, विवाह किंवा गुरुदीक्षा झाली की त्याची नोंद याच पानावर होते आणि लग्न ठरलं की इथलाच ताजा दाखला मागितला जातो. म्हणून फोटोग्राफरला गाठण्याआधी आईवडिलांनी नोंदवहीतलं स्पेलिंग, जन्मतारीख आणि धर्ममातापित्यांची नावं स्वतः वाचून घ्यावीत.