प्रकाशावरून तापमान: प्लाझ्माच्या प्रयोगशाळेतला एक दिवस

सकाळी ९.००
पुण्यातला जुलै, हवेत भरपूर ओल. आल्याआल्या वर्णपटमापकाचा कॅमेरा सुरू करते. तो गार झाल्याशिवाय अंधुक रेषा गोंगाटातून वर येत नाहीत. तोवर हेलियमचा रेग्युलेटर, नळ्यांचे जोड आणि एक्झॉस्ट तपासून होतात. प्लाझ्माच्या जेटमधून ओझोन निघतो, म्हणून आधी एक्झॉस्ट आणि मगच हाय व्होल्टेज.

९.४५
पाऱ्याचा दिवा लावून ३६५.०२ आणि ३६५.४८ नॅनोमीटरच्या रेषा घेते. या रेषा मुळात अतिशय बारीक असतात. पडद्यावर त्यांना जी रुंदी दिसते ती स्लिट आणि ग्रेटिंगची. ती चुकीची धरली, तर संध्याकाळी निघणारं तापमानही चुकतं.

१०.३०
जेट पेटतो. क्वार्ट्झच्या नळीच्या तोंडातून जांभळट शलाका हवेत येते. तिच्यातले इलेक्ट्रॉन दहा-वीस हजार केल्विनचे, पण वायू खोलीपेक्षा किंचितच गरम. हलके इलेक्ट्रॉन जड अणूंवर आदळतात तेव्हा त्यांना फारशी ऊर्जा देत नाहीत. धातूचं थर्मोकपल आत धरलं तर डिस्चार्ज त्याच्याकडेच ओढला जातो. म्हणून तापमान प्रकाशावरूनच काढायचं.

११.१५
३३७.१ नॅनोमीटर. हवेतून जेटमध्ये शिरलेल्या नायट्रोजनचा हा पट्टा लांब तरंगलांबीच्या बाजूला कड्यासारखा तुटतो आणि लहान तरंगलांबीकडे हळूहळू उतरत जातो. तो उतार म्हणजे रेणूंच्या फिरण्याच्या अनेक रेषा एकमेकींत मिसळलेल्या. वायू तापला की वेगाने फिरणारे रेणू वाढतात आणि उतार वर उचलला जातो. हवेच्या दाबाला रेणू सेकंदाला अब्जावधी टकरा खातो, त्यामुळे त्याचं फिरणं आणि वायूचं तापमान यांचा मेळ बसतो. संगणकावर फिट बसवला: ३२० केल्विन, वीस-तीस केल्विन इकडेतिकडे.

दुपारी १.००
डबा. हेलियम महाग, त्यामुळे सिलिंडर आधी बंद.

२.००
आता आर्गॉन. तो स्वस्त, म्हणून प्रत्यक्ष वापरात बहुतेकांना तोच हवा असतो. तोच पट्टा, तीच पद्धत, आणि आकडा ४८० केल्विन.

"मॅडम, फिट तर छान बसलाय. मग हाच आकडा घेऊ या ना?" एम.एस्सी.ची विद्यार्थिनी विचारते.

"उतार संपतो तिथं मोठा करून बघ."

शेवटच्या रेषा फिटच्या वर तरंगत असतात. रेषांची तीव्रता आणि फिरण्याची ऊर्जा यांचा बोल्ट्झमन आलेख काढला, तर एका सरळ रेषेऐवजी वेगवेगळ्या उताराचे दोन भाग दिसतात. आर्गॉनचे दीर्घायुषी उत्तेजित अणू ११.५५ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा बाळगून असतात. नायट्रोजनचा हा पट्टा ज्या उत्तेजित अवस्थेतून येतो, ती ११.०३ वर. टक्कर झाली की उरलेल्या ऊर्जेतला काही भाग रेणूला गरगरा फिरवण्यात जातो. ही अवस्था फार तर ४० नॅनोसेकंद टिकते, हवेत त्याहूनही कमी. फिरणं शांत होण्याआधीच रेणू प्रकाश देऊन मोकळा होतो. त्यामुळे ४८० हे वायूचं तापमान नव्हे.

३.४५
हळू फिरणाऱ्या रेणूंच्या रेषांपुरताच फिट घेतल्यावर आकडा ३५० च्या आसपास येतो. जोडीला ३०६ ते ३१० नॅनोमीटरमधला हायड्रॉक्सिलचा पट्टा पाहते. पावसाळी हवेमुळे तो आज ठळक आहे. त्याचेही वरचे स्तर फसवे असतात, म्हणून तिथंही खालच्याच रेषा धरते. शेवटी जेटच्या टोकाशी फायबर-ऑप्टिक तापमापक धरते. त्यात धातू नसतो. तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ आले, की मगच विश्वास.

५.३०
उद्या या जेटखाली मुगाच्या बिया ठेवायच्या आहेत. मोड लवकर आले, तर ते प्लाझ्मातल्या क्रियाशील घटकांमुळे की नुसत्या उष्णतेमुळे, हे ठरवायला तापमान पक्कं हवं. वहीत आकड्याशेजारी वायू, पट्टा, धरलेल्या रेषा आणि यंत्राची रुंदी लिहिते. विद्यार्थिनीलाही हेच सांगते: ज्या रेणूचा प्रकाश घेतलास, तो कुणाच्या धक्क्यानं पेटला आणि पेटल्यावर त्याला पुरेशा टकरा मिळाल्या का, हे कळल्याशिवाय त्याच्या आकड्याला वायूचं तापमान म्हणायचं नाही.