अर्ध्या हंगामात बदललेला गडी

मराठीच्या प्राध्यापकांना काम नसते, असा एक समज बहुतेक महाविद्यालयांतून असतो. आमच्याकडे तो जरा अधिकच दृढ आहे. त्यामुळे काही वर्षांपूर्वी खेळाचे सर निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरली जाण्याची चिन्हे दिसेनात, तेव्हा मुलींच्या बास्केटबॉल संघाची जबाबदारी कोणाच्या गळ्यात पडली, हे वाचकांनी ओळखलेच असेल. शाळेत असताना मी दोन वर्षे हा खेळ खेळले होते. स्टाफरूममध्ये चहा घेताना ही गोष्ट एकदा बोलून गेले होते, तीच अंगाशी आली.

त्या पहिल्याच वर्षी मी एक निर्णय घेतला. स्पर्धेची पहिली फेरी आम्ही जिंकली होती. पुढच्या फेरीला तीन आठवडे अवकाश होता. तेवढ्यात विज्ञान शाखेतली एक उंच मुलगी मैदानावर येऊ लागली. हिने नुसता हात वर केला तरी जाळीला लागेल की काय, असे वाटावे! तिला मी पहिल्या पाचांत घेतले, आणि तिच्यासाठी तिसऱ्या वर्षाची एक ठेंगणी मुलगी बाकावर बसवली. ही बिचारी एका सामन्यात दोन, फार तर चार गुण करी. हिशेब अगदी सरळ होता. नंतरचा पहिला सामना आम्ही दणक्यात जिंकलो आणि उपांत्य सामना तीन गुणांनी हरलो. परतताना एस.टी.त आमची कप्तान शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, “मॅडम, आत बोलणारं कुणीच नव्हतं.”

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. पहाटे उठून अमेरिकेतले सामने पाहण्याचे व्यसन मला लागले ते तेव्हापासून; कारण जो प्रश्न मला एस.टी.त पडला, तो तिकडे दरवर्षी फेब्रुवारीत साऱ्या देशाला पडतो. एनबीए या त्यांच्या व्यावसायिक संघटनेत आज 30 संघ आहेत. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत प्रत्येकाने 82 सामने खेळायचे, मग वरच्या 16 संघांची बादफेरी. फेब्रुवारीतल्या एका ठरावीक दिवसापर्यंत संघांनी आपसांत खेळाडूंची अदलाबदल करावी, अशी मुभा आहे. खेळाडूला सहसा कोणी विचारत नाही. त्याचा करार जिकडे जाईल तिकडे तो जातो. सकाळी एका गावचा असलेला माणूस रात्री दुसऱ्या गावचा होतो. शिवाय नियम असा की, ज्या संघांचा पगाराचा खर्च ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलेला असतो (आणि चांगल्या संघांचा तो जातोच), त्यांना आलेल्याचा आणि गेलेल्याचा पगार साधारण जुळवावा लागतो. म्हणजे मोठे काही आणायचे तर घरातले काही द्यावे लागते. बोलतात मात्र सगळे आलेल्याविषयी.

अशा अदलाबदलीने बादफेरीच्या लायकीचा संघ खरोखर सुधारतो का? मी ज्या गोष्टीकडे पुन्हा पुन्हा वळते ती ह्यूस्टनची आहे.

1994 साली ह्यूस्टन रॉकेट्स विजेते ठरले. त्यांचा आधारस्तंभ होता नायजेरियातून आलेला हकीम ओलाजुवान. त्याच्या शेजारी धक्काबुक्की सोसत, नेम चुकून परतणारे चेंडू गोळा करत उभा असे ओटिस थॉर्प. 1988 पासून तो त्या संघात होता. पुढच्या हंगामात, 14 फेब्रुवारी 1995 रोजी, ह्यूस्टनने थॉर्पला पोर्टलंडला देऊन टाकले आणि क्लाइड ड्रेक्सलरला आणले. ड्रेक्सलर ह्यूस्टनमध्येच वाढलेला, ओलाजुवानबरोबर तिथल्याच विद्यापीठाकडून खेळलेला. 1983 सालचा विद्यापीठांचा अंतिम सामना दोघे मिळून अगदी शेवटच्या क्षणी हरले होते. दोघेही आता 32 वर्षांचे. वर्तमानपत्रांना याहून गोड मजकूर कुठला मिळणार?

आणि झाले काय? अदलाबदलीपूर्वी ह्यूस्टनने 47 पैकी 30 सामने जिंकले होते. नंतरच्या 35 पैकी जिंकले 17, हरले 18. ओलाजुवान मध्यंतरी रक्तक्षयाने काही सामन्यांना मुकला हे खरे. पण थॉर्प ज्या जागी उभा असे तिथे आता सडपातळ रॉबर्ट हॉरी उभा होता, आणि धिप्पाड प्रतिस्पर्धी त्याला ढकलून आत घुसत होते. आपल्या विभागात सहाव्या क्रमांकावर ह्यूस्टनने हंगाम संपवला. त्या एप्रिलमध्ये कोणी गुणपत्रिका लिहायला बसले असते, तर शेरा उघड होता.

जूनमध्ये हाच संघ पुन्हा विजेता झाला! युटा, फिनिक्स, सॅन अँटोनिओ आणि शेवटी ऑर्लँडो, साऱ्यांनी हंगामात ह्यूस्टनपेक्षा अधिक सामने जिंकलेले. साऱ्यांना त्याने हरवले. सहाव्या क्रमांकावरून विजेतेपद मिळवणारा संघ त्यापूर्वी झाला नव्हता आणि त्यानंतरही झालेला नाही. जाणकार सांगतात की, जो हॉरी थॉर्पच्या जागी दुबळा वाटत होता, तोच लांबून नेम धरी. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याच्या एका दांडग्या गड्याला त्याच्यामागे बाहेर यावे लागे आणि आत ओलाजुवानला मोकळे अंगण मिळे. म्हणजे थॉर्प गेल्याने जे भोक पडले त्यातूनच उजेड आला, असा हा युक्तिवाद आहे. मला तो पटतो. पण पुरता पटत नाही.

का, ते सांगते. फिनिक्सविरुद्ध ह्यूस्टन 3-1 असे मागे होते. ते सावरून सातव्या सामन्यापर्यंत आले. तिथे शेवटचे सात सेकंद उरले असताना 110-110 ही बरोबरी मारिओ एलीने कोपऱ्यातून चेंडू टाकून फोडली आणि ह्यूस्टन 115-114 असे जिंकले. हा एली अदलाबदलीत आलेला नव्हे. तो दोन हंगाम तिथेच होता. पुढे ऑर्लँडोविरुद्ध पहिल्या सामन्यात, अगदी शेवटी, निक अँडरसनने चार फ्री थ्रो लागोपाठ चुकवले. समोर कोणी अडवायला नसताना! केनी स्मिथने बरोबरी साधली आणि जादा वेळेत ह्यूस्टनने सामना नेला. एलीचा हात किंचित ढळला असता, तर ड्रेक्सलरला आणणे ही घोडचूक होती, असे आज तेच जाणकार तितक्याच खात्रीने सांगत असते. आम्ही वाङ्मयेतिहास शिकवणारी माणसे हेच करतो. शेवट ठाऊक झाला की आरंभापासून सारे कसे अटळ होते ते वर्गात पटवून देतो.

याच्या उलट बाजूची गोष्ट बॉस्टनची. फेब्रुवारी 2011 मध्ये बॉस्टन सेल्टिक्सने 55 पैकी 41 सामने जिंकलेले होते. अशा वेळी त्यांनी केंड्रिक पर्किन्स हा आपला सेंटर ओक्लाहोमा सिटीला दिला. मोबदल्यात मुख्यतः जेफ ग्रीन आला. पर्किन्सच्या नावावर गुण फारसे नसत. तो आडवा उभा राही, समोरच्याला वाट देत नसे, आपल्या नेमबाजांसाठी भिंत होई. गुडघ्याच्या दुखापतीतून तो नुकताच उठलेला होता आणि पुढचा करार कितीला पडेल हीही चिंता होती, तेव्हा व्यवहार अगदीच खुळा नव्हता. बॉस्टनचा भरवसा होता वयस्क शाकील ओ’नीलवर, आणि तो दुखण्याने बहुतेक बाहेरच राहिला. (हा अगडबंब गृहस्थ या विषयात सारखा आडवा येतो. 1995 चा पराभूत ऑर्लँडो याचाच. 2008 साली फिनिक्सने ऐन हंगामात शॉन मॅरियनला देऊन यालाच आणले आणि पहिल्याच फेरीत संघ गारद झाला.) उरलेल्या 27 सामन्यांत बॉस्टनने 15 जिंकले आणि दुसऱ्या फेरीत मायामीने त्यांना 4-1 असे घरी पाठवले. इथेही रॉन्डोचे कोपर निखळले होते, हे सांगायला हवे. पण बॉस्टनमध्ये अजून नाव निघते ते पर्किन्सचे.

निर्विवाद यशाचे उदाहरण मागाल तर मी डेट्रॉइटचे देईन. फेब्रुवारी 2004 मध्ये त्यांनी रॅशीद वॉलेसला आणले, तेही पहिल्या पाचांपैकी कोणालाही न देता. पुढे मार्चमध्ये लागोपाठ पाच प्रतिस्पर्ध्यांना त्यांनी 70 गुणांच्या आत रोखले आणि जूनमध्ये लॉस एंजेलिस लेकर्सना 4-1 असे हरवून विजेतेपद नेले. बाहेरून गडी आला आणि घरातले कुणीच उठले नाही. असा योग माझ्यासारखीच्या वाट्याला कुठून यायचा? पाचांत सहावी बसत नाही.

आणि कधी कधी हिशेब मिटायलाच वर्षे लागतात. 2008 च्या फेब्रुवारीत लेकर्सनी मेम्फिसकडून पाउ गॅसोल आणला. त्या वर्षी ते अंतिम फेरीत हरले, पण 2009 आणि 2010 अशी दोन्ही वर्षे जिंकले. मेम्फिसला लुटले, असे सारे म्हणत होते. मोबदल्यात जे किरकोळ म्हणून दिले होते त्यात पाउच्या धाकट्या भावाचे, मार्कचे, हक्क होते. तो पुढे मेम्फिसचा कणा झाला आणि 2013 साली सर्वोत्तम बचावपटू ठरला. 2019 च्या फेब्रुवारीत त्यालाही असेच ऐन हंगामात टोरँटोला धाडले, आणि त्याच वर्षी टोरँटो विजेते! 2025 साली डॅलसने लुका डॉन्चिच लेकर्सना दिला तेव्हा पहिल्या दिवसापासून हाहाकार झाला. डॅलस बादफेरीत पोचले नाही आणि लेकर्स पहिल्याच फेरीत संपले. दोघांपैकी त्या वर्षी कोणाचे भले झाले, ते मला अजून कोणी सांगितलेले नाही.

त्या ठेंगण्या मुलीचे ते शेवटचे वर्ष होते. पुन्हा तिला सामना मिळाला नाही. तिने तक्रार केली नाही. त्या दिवशी बाकावरून ओरडून सांगायचा प्रयत्न तिने केला होता, आणि “शांत बस” असे मीच तिला म्हटले होते.

गेल्या वर्षी ती कुठल्याशा दाखल्यासाठी महाविद्यालयात आली होती. आता ती एका शाळेत शिकवते. मी चहा मागवला आणि इतक्या वर्षांनी विषय काढला. म्हटले, “तुला बसवलं ते माझं चुकलं.”

ती हसली. म्हणाली, “नाही हो मॅडम. मी असते तरी हरलोच असतो. त्यांची ती पाच नंबरची आठवते ना? तिनेच मारलं आपल्याला.”

ती गेल्यावर मी कपाटातून त्या सामन्याची गुणवही काढली. आमच्या उंच मुलीच्या नावापुढे 19 गुण होते. त्यांच्या पाच नंबरच्या नावापुढे फक्त 6.