पंचवीस वर्षांची मेंबरशिप आणि अकरा माणसांचं घर

नागपुरात मॉलच्या दारात, पेट्रोल पंपावर किंवा एखाद्या प्रदर्शनात कुपन भरून घेणारी मुलं आता सगळ्यांच्या ओळखीची झाली आहेत. आठवड्याभरात फोन येतो. तुमचा नंबर लागला आहे, दोन रात्रींची सहल भेट आहे, फक्त मियाँ-बीवी दोघांनी मिळून अमुक हॉटेलात संध्याकाळी यायचं. तिथे चहा-नाश्ता होतो, डोंगर-समुद्राची चित्रं दाखवतात आणि तास-दीड तासाने मुद्दा समोर येतो : पंचवीस वर्षांची हॉलिडे मेंबरशिप. आज सही केली तर सवलत, उद्या नाही.

गेल्या वर्षी हा प्रस्ताव आमच्याही घरात आला. मुलांची दादी, आम्ही दोघे, मुलांचे चाचा-चाची, फुफी आणि दोन्ही भावांची मिळून पाच मुलं, अशी आम्ही अकरा माणसं. वर्षातून एकदा तरी सगळ्यांनी एकत्र बाहेर जावं, ही दादीची जुनी इच्छा. अब्बा निवृत्त झाल्यावर मिळालेले पैसे त्यांच्या पश्चात दादीच्या नावावर आहेत. त्यातूनच मेंबरशिप घेऊन टाका, असं त्या म्हणाल्या. रक्कम मोठी होती आणि दादीजवळ दुसरी नव्हती. म्हणून सही करण्याआधी आम्ही घरातले मोठे कागद-पेन घेऊन बसलो. तो हिशेब वाचकांच्या कामी यावा म्हणून इथे देत आहोत.

आपण नेमकं काय विकत घेतो?

ही कल्पना युरोपातली, १९६० च्या दशकातली. एकच घर अनेकांनी मिळून घ्यायचं आणि प्रत्येकाने वर्षातला आपला एक आठवडा तिथे राहायचं. म्हणून नाव टाइमशेअर. आपल्याकडे स्टर्लिंग ही कंपनी १९८६ मध्ये आणि महिंद्रा हॉलिडेज १९९६ मध्ये सुरू झाली. महिंद्राच्या क्लबची पंचवीस वर्षांची मेंबरशिप सर्वांत परिचित आहे.

आज बहुतेक योजनांत आपण घर किंवा जमीन विकत घेत नाही. ठरावीक वर्षं, वर्षाला साधारण सात रात्री, ठरावीक मापाच्या खोलीत राहण्याचा हक्क घेतो. त्या हक्काला दोन कुंपणं असतात. पहिलं खोलीचं माप : स्टुडिओ, एक बेडरूम किंवा दोन बेडरूम. दुसरं हंगामाचं. महिंद्रामध्ये हंगामांना जांभळा, लाल, पांढरा आणि निळा अशी रंगांची नावं आहेत. सर्वाधिक गर्दीच्या दिवसांचा जांभळा सर्वांत महाग, निळा सर्वांत स्वस्त. स्वस्त रंग घेणाऱ्याला गर्दीच्या दिवसांत हक्काने खोली मिळत नाही. आणि जो रंग आहे, त्यातही खोली रिकामी असावी लागते. मेंबरशिप म्हणजे आरक्षण नव्हे. आरक्षण दरवर्षी वेगळं करावं लागतं.

सहाचं माप, अकराचं घर

दोन बेडरूमच्या खोलीत साधारण सहा मोठी माणसं धरतात, एक बेडरूममध्ये चार, स्टुडिओत दोन आणि लहान मुलं. आमच्याकडे आज मोठी माणसं सहा आणि मुलं पाच. विक्रेत्याने सांगितलं, मुलं लहान आहेत, होऊन जाईल. पण करार पंचवीस वर्षांचा आहे. ठरावीक वय ओलांडलं की मूल मोठ्यांत मोजलं जातं, आणि ते वय करारात लिहिलेलं असतं. आमच्या तिघांचं ते वय पाच वर्षांत होतं. पुढे सुना-जावई येतील. म्हणजे एका मेंबरशिपमध्ये आमचं घर फार तर पाच वर्षं मावेल, तेही दाटीवाटीने. त्यानंतर दरवर्षी दुसरी खोली पैसे भरून घ्यायची, नाहीतर अर्ध्यांनी घरी राहायचं. ज्यासाठी दादी पैसे देणार होत्या, नेमकं तेच हातून जाणार होतं.

प्रवासाचंही तसंच. मोठ्या कंपन्यांची बरीच ठिकाणं मुन्नार, उटी, मनाली, गोवा अशी नागपूरपासून लांब आहेत. रेल्वेच्या एका ऑनलाइन तिकिटावर सहाच प्रवासी बसतात, म्हणजे अकरा जणांना दोन तिकिटं. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण साठच दिवस आधी उघडतं. मे महिन्यातली खोली मात्र कित्येक महिने आधी धरावी लागते. खोली पक्की आणि गाडी वेटिंगवर, अशी वेळ येऊ शकते. येण्या-जाण्याचा आणि जेवणाचा खर्च मेंबरशिपमध्ये धरलेला नसतो. अकरा माणसांचं सात दिवसांचं रिसॉर्टमधलं जेवण किती होईल, हे तिथल्या मेनूकार्डावरून आधीच काढावं. गोश्त हलाल असतं का, खोलीत स्वयंपाकघर आहे का, बाहेरून जेवण आणू देतात का, हेही त्याच वेळी विचारावं.

पैशाचा हिशेब

पुढचे आकडे आम्ही हिशेबापुरते धरले आहेत. वाचकांनी स्वतःचे घालावेत. समजा मेंबरशिप ६ लाखांची आहे. शिवाय दरवर्षी देखभालीचं शुल्क २५ हजार, आणि ते दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढतं. हे शुल्क आपण गेलो नाही तरी भरावं लागतं. पंचवीस वर्षांत नुसतं शुल्कच ११ लाख ९३ हजार होतं, म्हणजे मूळ किमतीच्या जवळपास दुप्पट. शेवटच्या वर्षी ते ८० हजारांवर गेलेलं असतं. दोन्ही मिळून १७ लाख ९३ हजार. जीएसटी वेगळा.

विक्रेता म्हणतो, हॉटेलांचे दरही वाढणारच. बरोबर आहे, म्हणून आम्ही तेही वर्षाला ५ टक्क्यांनी वाढवून पाहिले. उत्तर असं आलं : तेवढ्याच मापाची जागा आज रात्रीला सुमारे ५,४०० रुपयांत मिळत असेल, तर पंचवीस वर्षांत खर्च सारखाच होतो. त्याहून स्वस्त मिळत असेल तर मेंबरशिप महाग पडली. हेसुद्धा पंचवीसच्या पंचवीस वर्षं, सातही रात्री वापरल्या तर. पंधराच वर्षं जाणं झालं, तर तो आकडा नऊ हजारांच्या आसपास जातो. शिवाय सहा लाख आजच हातातून गेलेले असतात.

रक्कम एकदम नसेल तर हप्ते करून देतात. हप्त्यांत बहुधा व्याज असतं, आणि आपल्या घरांत तो प्रश्न पैशापुरता नसतो. ‘बिनव्याजी’ म्हटलं तरी दोन गोष्टी लेखी मागाव्यात : आज रोख भरल्यास किंमत किती, आणि सगळ्या हप्त्यांची बेरीज किती. दोन्हींत फरक असेल, तर तो कशाचा हे विचारून घ्यावं. प्रोसेसिंग फी वेगळी लावली आहे का, तेही पाहावं.

ईद आणि परीक्षा

पंधरा वर्षं कशी भरणार, असं दादींनी विचारलं. आम्ही कॅलेंडर काढलं. आमचा महिना चंद्राचा आणि शाळेची सुट्टी सूर्याची. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. २०१७ ते २०१९ मध्ये तो मे-जूनमध्ये होता आणि उन्हाळ्याची सुट्टी रोज्यांत गेली, हे वाचकांना आठवत असेल. २०३६-३७ च्या सुमारास तो ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास येईल. कराराची पंचवीस वर्षं संपता संपता पुन्हा मे-जूनकडे पोहोचेल. बकरीद २०२६ मध्ये मेच्या शेवटच्या आठवड्यात, २०२७ मध्ये मेच्या मध्यावर, २०२८ मध्ये मेच्या सुरुवातीला. ज्या वर्षी घरातलं कुणी हजला जाईल, त्या वर्षी सहल नाही.

मुलांचं वेळापत्रकही आम्ही शिक्षक म्हणून ओळखतो. दहावीच्या वर्षाचा उन्हाळा, बारावीच्या आधीचा उन्हाळा, मग सीईटी आणि नीट. पाच मुलांची अशी वर्षं एकापाठोपाठ मांडली तर कागद भरून जातो. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, म्हणून जूनमध्ये थोडी मोकळीक मिळते. पण तेव्हा केरळ-गोव्यात पाऊस लागलेला असतो. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसला टेकतो, आणि त्याच दिवसांत साऱ्या देशाला डोंगरावर जायचं असतं. म्हणजे आम्हाला लागणार सर्वांत महाग रंग, आणि तो वापरायला मिळणार निम्मी वर्षं.

कागदावर असेल तेच खरं

मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, ही ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. कुरआनमधली ही सर्वांत लांब आयत. टाइमशेअरच्या तक्रारींत एक गोष्ट हटकून असते : बोलताना दिलेलं आश्वासन करारनाम्यात नसतं. म्हणून पुढच्या गोष्टी लेखी घ्याव्यात.

वार्षिक शुल्क किती, आणि ते वाढण्याला काही मर्यादा आहे का? न वापरलेल्या रात्री पुढच्या वर्षी नेता येतात का, किती वर्षं? दुसरी खोली लागली तर मेंबरला काय दराने मिळते? मेंबर हयात राहिला नाही तर हक्क कोणाकडे जातो, आणि त्यासोबत शुल्काची जबाबदारीही जाते का? एकत्र कुटुंबात हा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. पैसे दादीचे, सही एका मुलाची, आणि उद्या चुली वेगळ्या झाल्या तर सात रात्री कोणाच्या? मधेच सोडायचं ठरलं तर किती रक्कम परत मिळते? सोडण्याबद्दलचं कलम विक्रेता स्वतःहून क्वचितच वाचून दाखवतो.

सही केल्यावर मन बदललं तर काय? युरोपीय संघात २००८ च्या निर्देशानुसार चौदा दिवसांत कारण न देता करार मागे घेता येतो, आणि त्या चौदा दिवसांत विक्रेत्याला एक पैसाही घेता येत नाही. आपल्याकडे टाइमशेअरसाठी वेगळा कायदा नाही. काही कंपन्या आपल्या करारात दहा दिवसांची मुदत देतात. ती आहे का, आणि सहीपासून मोजायची की पैसे भरल्यापासून, हे आधी पाहावं. रद्द करायचं झालं तर फोनवर न सांगता ईमेल आणि रजिस्टर्ड पोस्टाने कळवावं, पोच जपून ठेवावी.

फसवणूक झाली तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. या कायद्याने आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार देता येते. कंपनीचं कार्यालय दुसऱ्या राज्यात असलं तरी नागपूरकराला नागपुरात दाद मागता येते. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत घटनेपासून दोन वर्षांची. करारातली अटच एकतर्फी आणि अन्यायकारक असेल, तर त्यासाठी राज्य आयोगाकडे जावं लागतं, आणि त्याचं परिक्रमा खंडपीठ नागपुरात आहे. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो. आणखी एक सावधगिरी : जुन्या मेंबरांना ‘तुमची मेंबरशिप चांगल्या भावात विकून देतो, आधी फी भरा’ असे फोन येतात. फी भरू नये.

आमच्या घरी काय ठरलं

मेंबरशिप सगळ्यांसाठीच वाईट, असं आम्ही म्हणणार नाही. घरात चार-पाच माणसं आहेत, गेली पाच वर्षं न चुकता सहल होते, तारखा पुढेमागे करता येतात आणि रक्कम हाताशी आहे, अशा कुटुंबाला ती परवडू शकते. खोल्या चांगल्या असतात, मुलांना खेळायला जागा असते. आमचं घर या मापात बसत नव्हतं.

आम्ही घरातच भिशी सुरू केली. वरच्या हिशेबात पंचवीस वर्षांचे १७ लाख ९३ हजार म्हणजे महिन्याला सुमारे सहा हजार होतात. घरात कमावते चार, म्हणून प्रत्येकी दीड हजार. ज्या वर्षी परीक्षा किंवा ईद आड आली, त्या वर्षीचे पैसे पुढच्या वर्षात जातात. हिशेबाची वही फुफीकडे. नागपूरहून चिखलदरा साधारण सव्वादोनशे किलोमीटर आणि पचमढी साधारण अडीचशे, दोन्ही ठिकाणी राज्य पर्यटन महामंडळांची निवासं आहेत, आणि एका मोठ्या गाडीत अकरा माणसं बसतात. नोव्हेंबरात आम्ही चिखलदऱ्याला तीन खोल्या घेऊन दोन रात्री राहिलो. दादींना पायऱ्या नकोत म्हणून तळमजल्याची खोली आधीच सांगून ठेवली होती. त्यांचे पैसे त्यांच्याच नावावर आहेत.

वाचकहो, बोलावणं आलं तर जरूर जा, चहा घ्या, सगळं ऐका. मग करारनाम्याची कोरी प्रत मागा आणि ती घरी आणून सगळ्यांसमोर वाचा, विशेषतः ज्यांचे पैसे जाणार आहेत त्यांच्यासमोर. प्रत घरी नेऊ देत नसतील, तर त्या संध्याकाळी कार्ड पाकिटातच राहू द्या.